कंबर नक्की कुठे

म्हापशाच्या बाजारात, मोयऱ्याच्या केळ्यांच्या ओळीमागे
माझं दुकान. दहा बाय आठ. एक मशीन, एक पंखा
आणि मेस्त कायतानांचा लाकडी गज,
जो ते जाताना विसरले की ठेवून गेले, कळलं नाही.

काल हळदोण्याहून ओर्तेंस आली,
पावाच्या पिशवीतून तिने काढला
खापरपणजीच्या आईचा झगा.
"लग्नात हाच घालणार, निशाबाय. पण आजचा करून दे."

मी तो टेबलावर पालथा घातला
आणि उसवायला बसले.

आधी निघाल्या तिच्या आईच्या बाह्या,
कापे फणस दोन्ही खांद्यांवर ठेवावेत तशा.
मग आजीचा काठ, गुडघ्याच्याही वर दुमडलेला.
(पाद्री भर मिसेत दोनदा खोकले होते म्हणे.)
त्याच्या आत पणजीची कंबर :
एका मुठीत मावेल एवढी,
पट्ट्या काढून टाकलेल्या, पण पट्ट्यांच्या वाटा शाबूत.
कशी जेवली असेल ती स्वतःच्या लग्नात?

मेस्त म्हणायचे,
"बाय, देवान कंबर एकेच कडेन दिल्या.
पॅरीसाक ती अजून सांपडूंक ना."

त्यांच्याकडे लिस्बनहून फिगुरीन यायचं, बोटीने.
बोट निघे तेव्हा बाही फुगलेली,
मुरगावला लागेपर्यंत तिकडे ती बसलेली असे.
तिकडे जे मेलं ते इकडे बारशाला आलं,
आणि आम्ही ते घामात भिजवून, खळ घालून
वर्षभर मिरवलं.

खापरपणजीची कंबर तर घसरून मांड्यांपाशी,
परकर सुटत चाललाय आणि कोणी सांगितलंच नाही अशी.
आणि सगळ्यांत खाली, मूळच्या साटिनवर,
पाठीमागे उशी बांधायच्या नाड्यांच्या खुणा.
मे महिना, दमट दुपार, आणि ढुंगणावर उशी.

त्याआधीचं कापड या पिशवीत नाही.
त्या काळी इथे पेहराव फॅशनने बदलत नसे,
हुकुमाने बदले.

मला आठवतात हणजुण्याचे ते लोक,
ज्यांनी सगळंच काढून टाकलं होतं,
आणि आठवड्याने रांगेत उभे, उन्हाने सोललेले :
परकर शिवून दे. नुसता परकर. वर काही नको.
मेस्तांनी त्यांचीही मापं घेतली,
तोंड फिरवून, पण बरोबर घेतली.

गेल्या वर्षी मिलानची एक बाई
कुणबिणींच्या तांबड्या चौकड्यांचे फोटो घेऊन आली.
खांद्यावरच्या गाठीवर बोट ठेवून म्हणाली,
हे कोणाचं डिझाइन?
म्हटलं, लावणीच्या वेळी पदर चिखलात पडतो,
म्हणून कोणीतरी बांधला.
तिने ते वहीत लिहून घेतलं. नाव विचारलं.
मी काय सांगू?

तिकडे शिंप्यांनी आतून स्वतःचं नाव शिवायला घेतलं
आणि त्या दिवसापासून ते शिंपी राहिले नाहीत.
मेस्तांनी कधी नाव लावलं नाही.
पण पणजीच्या कमरेच्या दाबात,
कोणाला दिसू नये अशा जागी,
एक तांबडा टाका निघाला. एकच. तिरका.
मी तो हात लावून पाहिला, उसवला नाही.
त्याच्याशेजारी निळा, विटलेला, आणखी कोणाचा तरी.

टाके काढले तरी भोकं राहतात.
साटिन उजेडात धरलं तर
पाच बायकांच्या कमरा एकदम दिसतात,
चाळणीसारख्या.

आज ओर्तेंस आरशासमोर उभी राहिली.
मोबाइलवर फोटो दाखवत होती : इथे की इथे?
म्हटलं, श्वास घे. सोड.
आता बोल काहीतरी.
ती हसली, आणि जिथे कापड हललं
तिथे मी खडू टेकवला.

आत चार बोटं जास्त सोडलीत.
दोऱ्यांच्या डब्यात हिरवा आहे, थोडाच.

शुक्रवारी ये, म्हटलं.
नको, शुक्रवारी बाजार.
शनिवारी ये.